बॉनेटखालची ऊब

१

सौंसरच्या बसस्टँडमागे गुणवंताचं गॅरेज होतं. गुणवंता मूळचा जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. पांढुर्ण्याच्या एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं हात काळे करून घेतले आणि लग्नानंतर तो सौंसरला येऊन बसला. आपल्या कामाबद्दल त्याला संशय असा कधी आला नाही. "गाडी खोटं बोलत नाई, मानूस बोलते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाची तक्रार तो एका कानानं ऐकायचा आणि दुसरा कान इंजिनाला लावायचा. नजर, उतारा, बाहेरची बाधा यातलं काही त्याच्या घरात चालत नव्हतं. वडलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्या दिवशी ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं, ते पुन्हा आत आलं नाही. गाड्यांना बांधलेली लिंबू-मिरची मात्र तो काढत नसे. मिरचीनं इंजिनाचं काही बिघडत नाही, म्हणायचा.

शहाऐंशी साल संपलं आणि पौषात थंडी अशी पडली, की सकाळी संत्र्याच्या पानांवर पांढरं साचायला लागलं. अशा थंडीत गाड्या अडून बसतात, आणि अडलेली गाडी म्हणजे गॅरेजवाल्याची सुगी. त्या सुगीतच नत्थूजींचा निरोप आला.

नत्थूजींचा बोरगावजवळ संत्र्याचा बगीचा होता आणि वडलांच्या वेळची जुनी अॅम्बेसिडर होती. दुपारी ती एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पहाटे मात्र काही केल्या हलायची नाही. नत्थूजींनी आधी जामसांवलीच्या मारुतीपुढे नारळ फोडला, मग नवी बॅटरी आणली, आणि सगळ्यात शेवटी गुणवंताला बोलावलं. क्रम नेहमी असाच का असतो, याचा गुणवंताला राग होता.

पण या वेळी प्रकरण थट्टेवारी न्यायचं नव्हतं. नत्थूजींची एकुलती एक लेक पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटात मूल आडवं होतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की कळा सुरू झाल्या की तासभरही घरी थांबायचं नाही, सरळ गाडीत घालून आणायचं. आधीच येऊन राहिलात तर उत्तम, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण संत्र्याचा तोडा चालू होता, आणि पौषात लेकीला घराबाहेर काढू नये असं चारचौघांनी सांगितलं. चारचौघांचं ऐकायची नत्थूजींना जुनी खोड होती. आता सगळी भिस्त त्या गाडीवर होती.

२

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी गुणवंता लुनावर बसून निघाला. हातमोजे त्याच्याकडे नव्हते. मोजे घालून स्क्रू धरता येत नाही, असं तो बायकोला सांगायचा. पोचेपर्यंत बोटं लाकडं झाली.

गाडी गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेड पुढून उघडी, त्यामुळे टपावर आणि काचेवर दव गोठलेलं. नत्थूजी कानटोपी घालून आत बसले होते. त्यांनी चोक पुरता बाहेर ओढला आणि सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकललं आणि पेट्रोलचा उग्र वास सोडून गप्प झालं.

"रोज असंच करून राहिली," नत्थूजी म्हणाले. "आमी तिले पोरीवानी वागवतो, अन् ते ऐनवक्ताले तोंड फिरवते."

"तुमी सरका. मी पायतो."

गुणवंतानं प्लग काढले. चारही पेट्रोलनं न्हायलेले. म्हणजे पेट्रोल येतंय, आग लागत नाही. त्यानं प्लग पुसले, पॉइंट घासले, तारा पाहिल्या. नत्थूजी गडी आणि बैल आणायला गेले, कारण रोज सकाळी गाडी शेवटी बैलांनीच ओढून चालू करावी लागत होती. तेवढ्यात पुष्पाची आई, वत्सलाकाकू, चहा घेऊन आल्या. सासूबाई हयात होत्या तोवर गुणवंताचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. सासूबाई गेल्या आणि काकूंनी तो कप फेकून दिला. आता त्याला घरातल्याच कपात चहा मिळायचा, आणि यावर दोघंही कधी काही बोलले नव्हते.

त्यानं कप बॅटरीवर टेकवला आणि दोन्ही हात इंजिनाच्या अंगाला लावून उभा राहिला. बोटांत हळूहळू जीव आला. बरं वाटलं. मग बैल आले, दोर बांधला, आणि बैलांमागे फरफटत ती अॅम्बेसिडर अंगणाच्या टोकाशी गेल्यावर एकदाची गुरगुरली. गुणवंतानं जुने पॉइंट बदलायला सांगितले आणि निघाला.

परतीच्या वाटेवर बोटं पुन्हा बधिर झाली. आता कुठं शेकावीत असं मनात आलं, आणि त्या इंजिनाची ऊब आठवली. मघा कसं छान वाटलं होतं. त्यानं ब्रेक मारला. लुना रस्त्याच्या मधोमध थांबली.

गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी होती. टपावर दव गोठलं होतं. त्या सकाळी ती एकदाही पेटली नव्हती. आणि तो तिच्यावर हात शेकत उभा होता.

३

दुसऱ्या पहाटे गुणवंता पुन्हा हजर झाला. "आज कोनी गाडीले हात लावाचा नाई," त्यानं आल्या आल्या जाहीर केलं. बॉनेट उघडून त्यानं तळवा लोखंडावर ठेवला. जेवणं आटोपल्यावर चूल असते तसं ते होतं, चटका न देणारं पण आतपर्यंत तापलेलं.

गुणवंता हसला. घोडं कुठं पेंड खात होतं ते सापडलं होतं.

"नत्थूजी, तुमची गाडी थंडीनं अडत नाई. गरम हाये म्हनून अडते."

"म्हनजे?"

"इंजिन गरम, अन् तुमी थंडी पाहून चोक ओढता. चोक ओढला की पेट्रोल जास्तीचं जाते. पोट भरलेल्या मानसाले जबरीनं जेऊ घातलं तं तो काय करीन?"

त्यानं चोक आत ढकलला, अॅक्सिलेटर तळाला दाबून धरला, आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली. गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. नत्थूजींना इतका आनंद झाला की त्यांनी कानटोपीच काढली.

"उद्यापासून चोकले हात नाई लावाचा. काय?"

"नाई लावाचा."

"अजून एकडाव म्हना."

नत्थूजींनी लहान मुलासारखं पुन्हा म्हटलं. गुणवंताचं काम झालं होतं, पण आत्ता कुठे त्याला खरी गंमत वाटायला लागली. "आता सांगा, शेगडी कोन ठेवते खाली?"

नत्थूजींनी वत्सलाकाकूंकडे पाहिलं. काकू जमिनीकडे पाहत होत्या.

"बुढी ठेवे," नत्थूजी म्हणाले. "माही माय. दर हिवाळ्यात ठेवे. लोखंड झालं तं काय झालं, म्हने, गारठते तेबी."

"पन त्या तं गेल्या न गेल्या संक्रांतीले."

"गेली."

गुणवंताला ती बुढी, शकुबाई, चांगली आठवत होती. बारीक अंगाची, कडक म्हातारी. आसपासच्या दोन-चार गावांतल्या बाळंतिणींना शेक द्यायला तीच जायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा, आणि आई-लेकरू दोघं त्या धुरात गुरफटलेली. तीच लोखंडी शेगडी मग रात्री गाडीखाली जायची. "ते शेगडी पाहू बरं," तो म्हणाला.

काकूंनी माळ्यावरून ती काढून आणली. गंजलेली, थंडगार, आणि आत कोळ्यानं जाळं विणलेलं. जाळ्यात एक माशीही वाळून बसली होती.

"मंग दुसरी कोनती तरी असन," गुणवंता म्हणाला. "तुमच्या गड्यांपैकीच कोनाले तरी बुढीची सवय लागली. चांगलंच हाये. फक्त त्याले सांगा, एवढी माया नको करू, पेट्रोल वाया जाते." तो एकटाच हसला.

४

गडी नाही म्हणाले. शपथा घेऊन नाही म्हणाले. गुणवंताचा शपथेवर विश्वास नव्हता, पण कुलपावर होता. त्यानं शेडला पुढून पत्र्याचं दार ठोकून दिलं, गॅरेजमधलं भक्कम कुलूप लावलं आणि किल्ली एका रात्रीपुरती आपल्या खिशात टाकून सौंसरला गेला. हे त्याचं काम नव्हतं. पण एकदा कोडं हातात घेतलं की ते अर्धवट टाकून त्याला झोप यायची नाही.

पहाटे कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली फिरवून तो आत शिरला आणि बॉनेटखाली हात घातला. ऊब होती. तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. शेडच्या जमिनीला ओल धरलेली होती, पण इंजिनाच्या बरोबर खाली परातीएवढा गोल कोरडा ठणठणीत होता. राख नाही, निखारा नाही. गोलाच्या कडेला चार-दोन बारीक दाणे पडले होते. त्यानं एक उचलून दाताखाली धरला. ओवा होता, भाजलेला.

गुणवंता तिथेच पडून विचार करत राहिला. मागच्या बाजूला गोठा होता. गोठ्याकडचा पत्रा खालून सुटलेला होता, आणि जिथून कोंबडी येते तिथून हात घालून माणूस शेगडी का सरकवणार नाही? त्यानं पत्रा हलवून पाहिला. हात कोपरापर्यंत जात होता. शेगडी गेली असती की नाही, हे त्यानं मोजून पाहिलं नाही. कारण सापडलं होतं, आणि सापडलेल्या कारणाला फार टोचू नये असं त्याला त्या क्षणी वाटलं.

बाहेर ऊन पडलं होतं. वत्सलाकाकू अंगणात पुष्पाच्या केसांना तेल लावून उठल्या होत्या. पुष्पा आत गेल्यावर त्या गुणवंताजवळ आल्या.

"पत्रा पाहून राहिला का?" त्यांनी विचारलं. "तिथून कोनी येत नाई."

"तुमाले मालूम हाये का कोन येते?"

हाताला लागलेलं तेल काकू पदराला पुसत राहिल्या. "पुष्पीच्या आधी मले एक पोरगा झाला," त्या म्हणाल्या. "असाच पौष होता. पोट दुखाले लागलं तं मामंजी म्हनले सौंसरले नेऊ. सासूबाई म्हनल्या, घाई काय हाये, मी हावो न. मंग घाई झाली, तं गाडी चालू होईना. बैलगाडीत टाकलं मले. पोरगा गाडीतच झाला. गारठून गेला. रडलाबी नाई."

गुणवंतानं हातातला पाना खाली ठेवला.

"सासूबाईनं त्याले लुगड्यात घेतलं अन् घरी येऊन शेगडीपाशी बसली. दुपार झाली तरी देल्ला नाई कोनाले. म्हने, गरम होऊन राहिला, थांबा. चार मानसाइनं हातातून घेतला. त्या रातीपासून शेगडी गाडीखाली जाऊ लागली. मले एका शब्दानं कधी बोलली नाई ते. मीबी नाई."

गुणवंताला त्या कडक म्हातारीची आणि या बाईचीही फार दया आली, आणि दया आली की तो थट्टेकडे वळायचा. काकूच पुढे म्हणाल्या, "म्हनून पुष्पीले भाऊ नाई. आता तिले लेकरू होईन, तं कान टोचाले त्याले कोनाच्या मांडीवर बसवू? मामा पाह्यजे न."

"मी हावो न काकू! मले करा मामा. मांडी पाहा कशी हाये, ट्रकचा गिअरबॉक्स ठेवतो मी हिच्यावर."

काकू हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. "बरं," म्हणाल्या. "कोनी नाई भेटला तं तुलेच बोलावतो."

५

त्यानंतर गुणवंता रोज पहाटे यायला लागला. गाडी आपल्या हातानं चालू करून पाहायची आणि मगच सौंसरला जाऊन गॅरेज उघडायचं, असा नेमच झाला. मंगला, त्याची बायको, म्हणाली की तुम्ही तिकडे गाडी बघायला जाता की काय बघायला? तो म्हणाला, पोरीची वेळ जवळ आली आहे. ते खरंच होतं. गाडी रोज गरम असायची आणि चोकशिवाय रोज एका फटक्यात चालू व्हायची. याचाही माणसाला सराव होतो.

मग एक दिवस तो अंगणात शिरला तेव्हा लांबूनच सेल्फचा आवाज ऐकू आला. थकलेला, ओढल्यासारखा. शेडमध्ये नत्थूजी घामाघूम होऊन बसले होते.

"गुणवंता, पोरीले कळा लागल्या! अन् हे पाह्य. तू सांगतलं तसंच करून राहिलो. चोकले हात नाई लावला."

गुणवंतानं बॉनेट उघडलं आणि हात ठेवला. हात चटका बसल्यासारखा मागे आला. लोखंड बर्फासारखं गार होतं. दवाचे थेंब इंजिनावर गोठले होते. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती गाडी थंडीतल्या गाडीसारखी थंड होती, आणि त्याच दिवशी नत्थूजींनी त्याचा शब्द पाळला होता.

"चोक ओढा! पुरा ओढा!"

बॅटरी जवळजवळ मेली होती. गुणवंतानं हँडल घातलं आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं, फडफडलं, आणि लागलं. पुस्तकात लिहिलंय तसं, थंड इंजिन चोकवर. "रेस देत राहा, बंद नका होऊ देऊ," असं ओरडून तो घरात धावला.

वत्सलाकाकू आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या आणि बाहेर येत नव्हत्या. त्यांच्या खांद्यावरून गुणवंतानं पाहिलं. खोलीत ओव्याचा धूर भरला होता. बाजेवर पुष्पा पडलेली, कपाळ घामानं भिजलेलं. बाजेखाली शेगडी होती, आणि निखारे लालभडक फुललेले.

"काकू, हे आताच कायले पेटवली? बाळंत तं होऊ द्या तिले."

"म्या नाई पेटवली," काकू म्हणाल्या.

पुष्पानं डोळे उघडले. तिचं पोट अजून तसंच भरलेलं होतं, आणि डावा हात बाजूच्या गोधडीवर हळूहळू थोपटत होता. "आजीनं ठेवलं माह्यापाशी," ती म्हणाली. "हळू उचला मले. आताच निजलं ते." मग कळ आली आणि ती ओरडली.

कळेत बाई काहीही बोलते. गुणवंताच्या दोन लेकरांच्या वेळी मंगलानं त्याला काय काय म्हटलं होतं! तो पुढे झाला, त्यानं पुष्पाला गोधडीसकट उचलायला हात घातला. पण वत्सलाकाकूंनी त्याच्या हातातून गोधडीची डावी बाजू सोडवून घेतली आणि अगदी जपून, काही सांडू नये तशी, बाजेवर परत ठेवली.

गाडीत पुष्पाला मागच्या सीटवर निजवलं. नत्थूजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गुणवंता स्टिअरिंगवर. "काकू, चला!"

काकू ओसरीवर उभ्या होत्या. "तुमी जा," त्या म्हणाल्या. "इथं कोनी तरी पाह्यजे."

भांडायला वेळ नव्हता. अंगणाबाहेर वळताना आरशात त्याला दिसलं, की त्या घरात गेल्या आणि दार आतून लावलं.

६

पुष्पाला मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं, पण दोघी सुखरूप होत्या. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नत्थूजी दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले आणि मग गुणवंताला मिठी मारून पुन्हा रडले. गुणवंताची छाती फुगली. आपल्या हँडलच्या दोन फेऱ्यांवर दोन जीव तरले होते, आणि असं कोणत्या मेकॅनिकला म्हणता येतं?

"तू जा अन् पुष्पीच्या मायले घेऊन ये," नत्थूजी म्हणाले. "एकटीच हाये ते घरी."

दुपारचं ऊन लख्ख होतं. सावनेर मागे पडलं तसं गुणवंताचं डोकंही लख्ख झालं. शेगडी काकूच पेटवत होत्या. दुसरं कोण? बाईचं पहिलं लेकरू थंडीनं गेलेलं, लेक तशाच पौषात बाळंत होणार, मन ठिकाणावर राहील कसं? रोज गोठ्याकडून पत्रा उचलून गाडीखाली ठेवत असतील, आणि आज घाबरून बाजेखाली ठेवली. म्हणून गाडी थंड राहिली. पुष्पाला धुरात गुंगी आली. सगळं जागच्या जागी बसलं. त्यानं शीळ घातली. काकूंना नागपूरला नेऊ, नात मांडीवर देऊ, की येतील त्या ताळ्यावर. गाडी काय आणि माणूस काय, बिघाड सापडला की अर्धं काम झालं.

७

अंगणात शुकशुकाट होता. गडी तोड्यावर गेलेले. गुणवंतानं गाडी बंद केली आणि तिथूनच हाक मारली. "काकू! मुलगी झाली! चला, आजीबाई!"

ओसरीचं दार आता नुसतं लोटलेलं होतं. तो आत गेला. खोलीच्या दाराच्या फटीतून ऊब बाहेर येत होती, पहाटे होती त्याहून जास्त. त्यानं फट थोडी वाढवली.

काकू बाजेवर दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. बाजेखाली निखारे होते. त्यांच्यासमोर, भिंतीच्या बाजूला, जमिनीवर कुणीतरी उकिडवं बसून निखाऱ्यांवर फुंकर घालत होतं. बाजेच्या सुंभाआडून गुणवंताला फक्त दोन पाय दिसले. म्हातारे, भेगाळलेले. फुंकर थांबली.

"दार ओढून घे, गुणवंता," काकू मागे न वळता म्हणाल्या. "लेकराले हवा लागते."

त्यानं दार ओढलं. सांगितल्यासारखं नीट ओढलं. मग तो चालत गाडीपाशी आला, आत बसला आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकललं. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा उग्र वास आला. त्यानं खाली पाहिलं, तर चोक पुरता बाहेर ओढलेला होता, आणि ओढणारा हात त्याचाच होता. नागपूरहून इथवर आलेल्या, तापून निघालेल्या इंजिनाला त्यानं चोक दिला होता.

यावर उपाय काय, हे सौंसर-पांढुर्ण्याच्या सगळ्या गाडीवाल्यांना त्यानं शिकवलं होतं. चोक आत ढकलायचा आणि थांबायचं. पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबायचं. दुसरं काही करायचं नसतं. गुणवंता दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून थांबला. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीच वाटतेय हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

आरशात घराचं दार उघडलं. वत्सलाकाकू बाहेर आल्या. चांगलं लुगडं नेसलेल्या, केस विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन्ही हातांत गोधडीचं गाठोडं छातीशी धरलेलं. त्या आल्या, मागचं दार उघडून बसल्या, आणि सीटची स्प्रिंग करकरली.

"चाल," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शहाण्या माणसाचा होता, आणि आनंदाचा. "अन् काच चढव तुह्या बाजूची."

गुणवंतानं काच चढवली. "काकू," तो म्हणाला. "ते गाठोडं..."

"तू म्हनला होता न, मामा म्हनून मांडीवर घेतो? आता नाई लागत." मागून ओव्याचा वास आला. "पोरीचा मामा घेऊन चाललो."

गाडी अजून निदान दहा मिनिटं चालू व्हायला नको होती. त्याचा हात आपोआप किल्लीवर गेला, आणि इंजिन एका फटक्यात लागलं.

बोरगाव गेलं, सौंसर गेलं. हमरस्त्यावर मागून एक बारीक आवाज आला. उचकी. मग आणखी एक. लहान लेकरांना गारठ्यातून उबेत आणलं की लागते तशी. काकू काहीतरी पुटपुटल्या, आणि पदराचा दोरा तटकन तोडल्याचा आवाज झाला. उचकी लागली की आया लेकराच्या टाळूवर ठेवतात तेवढा दोरा.

"झालं, झालं," काकू म्हणाल्या. "आलंच आता नागपूर."

गुणवंतानं हात वर करून आरसा छताकडे वळवला, आणि दवाखाना येईपर्यंत तो तसाच राहू दिला.